पन्हळ साफ करूनही परत परत तुंबते? मग यंदा कचरा काढायच्या आधी तो नीट बघा

आधी शब्दाचं बोलून घेतो, कारण गटर म्हटलं की लोकांना रस्त्याकडेचं गटारच आठवतं. मी बोलतोय ते छपराच्या कडेला, वळचणीखाली आडवी लावलेली असते ना, पाइप मधून उभा कापल्यासारखी, पत्र्याची नाहीतर पीव्हीसीची, तिच्याबद्दल. पन्हळ. छपराचं पाणी तिच्यात पडणार, उतारानं एका टोकाला जाणार, तिथल्या भोकातून उभ्या पाइपात आणि पाइपातून खाली जमिनीवर. बास, एवढंच काम. आणि हे एवढंसं काम आमच्याकडे सलग चार वर्षं बोंबललं होतं.

व्हायचं असं की दर पावसाळ्याआधी मी शिडी लावून पन्हळ साफ करायचो, म्हणजे अगदी फडक्याने पुसून वगैरे, पहिले दोनतीन पाऊस मस्त जायचे, मला वाटायचं यंदा जमलं, आणि मग एखाद्या रात्री पावसाने जोर धरला की पन्हळीच्या बरोबर मधूनच पाणी बाहेर सांडायला लागायचं, धारच्या धार भिंतीवर. सकाळी वर चढून बघावं तर परत गाळ, तोही त्याच जागी. आढ्याचं पाणी वळचणीला जाणारच म्हणतात, आमचं वळचणीवरून भिंतीत जात होतं. तिसऱ्या वर्षी आतल्या खोलीत छताच्या खाली वीतभर पट्टा ओला झाला, रंगाला फुगे आले, मग पोपडे, मग तो पांढरा लोणा. मी म्हटलं आपणच साफ करण्यात कमी पडतोय, म्हणून पुढच्या वर्षी दोनदा साफ केली. तरी तेच.

माझी चूक काय होती तर मी वर चढल्या चढल्या खुरप्याने गाळ ओढून बादलीत भरत होतो. म्हणजे चोरी झालेल्या घरात पोलीस यायच्या आधी झाडून पुसून काढायचं, तसला प्रकार. कारण गाळ कुठे बसलाय, किती जाड आहे, कसला आहे, ओला आहे की कोरडा, यावरूनच कळतं की पाणी कुठे थांबतंय. पाचोळा तर सगळ्यांच्याच छपरावर पडतो. पन्हळीत पाणी नीट पळत असेल तर बारीक माती धूळ त्या पाण्याबरोबर वाहून जाते, थोडीफार पानं राहिली तर राहतात. पाणी जिथे मंदावतं तिथे माती खाली बसते. त्या मातीवर पान अडकतं, पानावर आणखी माती. त्यामुळे ज्यांची पन्हळ दरवर्षी एकाच जागी तुंबते त्यांचा प्रॉब्लेम कचरा नसतोच, तिथे पाणी का थांबतं हा असतो, आणि ते शोधत नाही तोवर वर्षानुवर्षं बादल्या भरत बसायचं.

मग त्या वर्षी मी हात न लावता नुसता बघत गेलो. दोन्ही टोकांना नखभर पण गाळ नव्हता, कोरडी धूळ फक्त. मधोमध आलो आणि बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. काळा, मऊ, कुजका वास मारणारा लगदा, त्यात दोन इवली रोपं उगवलेली, मुळं एकमेकांत गुंतून त्याची चांगली गादी झालेली, एका बाजूने उचलली तर सतरंजीसारखी गुंडाळत आली. आणि पन्हळीच्या आतल्या बाजूला एक मातकट रेघ होती. ही रेघ नक्की बघा, साचलेलं पाणी सुकून गेलं की त्याची खूण म्हणून ती राहते. साचलेलं पाणी नेहमी सपाट असतं ना, मग पन्हळीच्या तळापासून ती रेघ जिथे सगळ्यात उंच दिसेल तिथे पन्हळ सगळ्यात जास्त खाली वाकलेली आहे. म्हणजे झोळ. आमच्याकडे मधे झोळ पडला होता, खालून डोळ्याला दिसतही नव्हता, नंतर दोरी लावून मोजला तर दोन सेंटिमीटर भरला.

गाळ वाचायचा कसा ते थोडं सांगतो, सगळ्यांकडे झोळच असेल असं नाही. ढीग पाइपाच्या भोकाशी असेल आणि तिथून मागे मागे कमी होत गेला असेल तर भोक नाहीतर खालचा पाइप चोक आहे. ढीग भोकाच्या विरुद्ध टोकाला असेल तर उतारच उलटा आहे, पाणी चुकीच्या बाजूला पळतंय. वरवर नुसती कोरडी अख्खी पानं असतील आणि खाली पन्हळ स्वच्छ, तर बहुतेक पन्हळीची काही तक्रार नाही, झाडाची फांदी छपरावर आलीये ती छाटा. काळपट जाडसर वाळूसारखं काहीतरी सगळीकडे सारखं पसरलेलं असेल तर ते छपराचंच झिजलेलं साहित्य आहे, कौलांचं किंवा डांबरी आच्छादनाचं, ते जड असतं म्हणून सहज वाहत नाही. आणि गवताच्या काड्या, कापूस, दोऱ्या असा माल एका गोळ्यात सापडला तर ते पक्ष्याचं घरटं, त्यात अंडी किंवा पिल्लं आहेत का बघा आणि असतील तर थोडे दिवस थांबा. एकाच जागी थोडी थोडी माती बसते पण झोळ नाही, चोकअप नाही, असंही होतं. मग तिथल्या जॉइंटवर बोट फिरवा, आत सीलंटचा, म्हणजे फटी बुजवायला लावतात त्या लेपाचा, उंचवटा किंवा स्क्रूचं टोक वर आलेलं सापडेल.

आता झोळ पडतो कसा ते बघा, हे कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. १५ सेंटिमीटर रुंदीची अर्धगोल पन्हळ काठोकाठ भरली तर एका मीटरमधे जवळपास ९ लिटर पाणी मावतं. १० मीटर लांबीची असेल तर ८८ लिटर म्हणजे ८८ किलो, एक चांगला धष्टपुष्ट माणूस पन्हळीत आडवा झोपलाय असं समजा. ओला गाळ पाण्यापेक्षाही जड. हे सगळं वजन कशावर, तर पन्हळ धरून ठेवणाऱ्या मोजक्या क्लॅम्पवर आणि त्यांच्या दोन दोन स्क्रूवर, आणि ते स्क्रू कशात तर पन्हळीमागच्या लाकडी पट्टीत. आमच्या मधल्या क्लॅम्पला हात लावला तर स्क्रू बोटाने गरगर फिरत होता. पट्टीचं लाकूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं, स्क्रूड्रायव्हरचं टोक टोचलं तर सरळ आत. म्हणजे क्लॅम्प ढिला झाला, पन्हळ वाकली, तिथे पाणी साचलं, गाळ बसला, वजन वाढलं, आणखी वाकली, मग पाणी मागच्या बाजूने पट्टीवर सांडायला लागलं, पट्टी कुजली, स्क्रू आणखी ढिला. आणि मी दर वर्षी फक्त गाळ काढून त्या चक्राला नव्याने चावी देत होतो.

वर चढायच्या आधी अजून एक काम करा, माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि यात कष्ट पण नाहीत. जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन बाहेर जा आणि दहा मिनिटं घराभोवती फिरून वर बघा. विजा चमकत असतील तर खिडकीतून. कोरड्या दिवशी चार तास डोकं खाजवून जे कळत नाही ते इथे दहा मिनिटांत दिसतं. पाणी पन्हळीच्या पुढच्या कडेवरून सगळीकडून सारखं सांडतंय म्हणजे पाणी बाहेरच जात नाहीये, पाइप बंद. एकाच ठिकाणाहून सांडतंय म्हणजे झोळ किंवा त्याच्या पुढे लगेच अडथळा. पन्हळ अर्धीच भरलीये आणि तरी भिंत भिजतेय, तर पाणी पन्हळीत पडतच नाहीये.

हे शेवटचं बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, म्हणून थोडं सविस्तर. भांड्यातून पाणी हळू ओतलं की धार सरळ खाली न पडता भांड्याच्या पोटावरून मागे ओघळते, बघितलंय ना? छपराच्या कडेला तेच होतं. पाऊस बारीक असला की पाणी पत्र्याच्या किंवा कौलाच्या कडेला चिकटून खालच्या अंगाने मागे येतं आणि पन्हळ आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून भिंतीवर उतरतं. गंमत म्हणजे जोराच्या पावसात हे कमी होतं कारण तेव्हा पाण्याला वेग असतो, त्यामुळे माणूस म्हणतो एवढ्या मोठ्या पावसात भिंत कोरडी आणि रिमझिम पावसात ओली, हे काय गौडबंगाल. यावर उपाय म्हणजे छपराच्या कडेखाली पत्र्याची एक वाकवलेली पट्टी सरकवायची, तिची खालची कड पन्हळीच्या आत येईल अशी, मग पाणी त्या पट्टीवरून पन्हळीतच टपकतं. पन्हळ कितीही साफ केली तरी या केसमधे काही फरक पडणार नाही. उलटंही होतं, छप्पर खूप उभं असेल तर जोराचं पाणी पन्हळीवरून उडी मारून पुढे पडतं, तिथे पन्हळ थोडी पुढे किंवा थोडी वर घ्यावी लागते, नाहीतर मोठी बसवावी लागते.

पाऊस नसेल तर भिंतच बघा, ती पण सांगते. छपराच्या लगेच खाली आडवा पट्टा ओला, तर पाणी पन्हळीच्या मागून येतंय. वरपासून खालपर्यंत उभी हिरवी शेवाळाची रेघ, तर ती उभ्या पाइपाच्या जॉइंटची करामत, आणि बहुतेक वेळा त्या जॉइंटच्या खाली पाइप चोक असतो म्हणून पाणी वरच्या जॉइंटमधून बाहेर येतं, तेव्हा जॉइंटला सिलिकॉन फासून काही होत नाही. भिंतीच्या पायाशी ओल आणि चिखलाचे शिंतोडे, तर पाइपाचं पाणी खाली भिंतीलगतच पडतंय.

पाइप चोक आहे का ते कळायला एक सोपी युक्ती. खालून सुरू करून बोटाच्या पेराने पाइपावर टकटक करत वर जा. रिकामा असेल तिथे पोकळ आवाज येतो, भरलेला असेल तिथे आवाज बसका, मेल्यासारखा. आमच्याकडे वरच्या बेंडपाशी आवाज बदलला. छपराच्या कडेपासून भिंतीपर्यंत पाइप आत वळवायला जे दोन बेंड लावतात ना, दहातल्या आठ वेळा माल तिथेच अडकलेला असतो असा माझा अनुभव, बाकी सरळ पाइप सहसा तुंबत नाही.

आणि इथे लोक एक चूक करतात, मीही केलीये, वरून काठी किंवा गज घालून कोंबत बसतात. त्याने गोळा बेंडमधे आणखी घट्ट बसतो. खालून ढकला. पाइपाच्या खालच्या तोंडातून होज पाइप वर सरकवायचा, तोंडाशी चिंध्या गुंडाळायच्या आणि पाणी सोडायचं, पण बेताने, पूर्ण जोरात सोडलं तर जुने जॉइंट उसवतात आणि तुम्ही खाली उभे असाल तर काय काय अंगावर येईल ते सांगत नाही. जमत नसेल तर प्लंबर वापरतात ती लवचिक स्प्रिंग, ती बेंडमधून वळते. तेही नाही जमलं तर सरळ बेंड काढा, पन्हळीचे बेंड बऱ्याचदा चिकटवलेले नसतात, एक स्क्रू काढला की निघतात. आमचा काढला तर आत काय निघावं, पानं तर होतीच पण त्यांच्या मधोमध आधीच्या कुणातरी कारागिराने जॉइंटला मारलेल्या सीलंटचा वाळलेला गोळा, अंगठ्याएवढा. कधीतरी तो सुटून खाली पडला असणार आणि बेंडमधे आडवा बसला, बाकी सगळं त्याच्यावर जमत गेलं. एवढासा गोळा.

साफ झालं की एक बादली पाणी वरून भोकात भसकन ओता आणि खाली कान द्या. एका दमात धडधडत आलं पाहिजे. आधी थोडं आणि मग बाकीचं सावकाश आलं तर अजून काहीतरी आत आहे. बादली एवढ्यासाठी म्हणतो की नुसत्या होज पाइपाचं पाणी फार कमी असतं, त्यावर टेस्ट केली की सगळं पासच होतं. खऱ्या पावसाचा हिशेब बघा, एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. तुमचं एका बाजूचं पाखं ५० चौरस मीटर जागा झाकत असेल आणि तासाला ६० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस कोसळत असेल तर तासाला ३००० लिटर, म्हणजे मिनिटाला ५० लिटर, दहा लिटरच्या पाच बादल्या, दर बारा सेकंदाला एक. हे सगळं त्या एका भोकातून गेलं पाहिजे. म्हणून पाइपाची साइज पण बघा. ७५ मिलिमीटरचा पाइप ११० च्या शेजारी धरला तर थोडासाच लहान वाटतो, पण आतली जागा निम्म्यापेक्षाही कमी भरते. काही घरांत पन्हळ मोठी लावलेली असते आणि पैसे वाचवायला खालचा पाइप बारीक, मग पन्हळ भरते आणि बिचारी उगाच शिव्या खाते.

भोक बघताना त्याच्या कडेवरून बोट फिरवा. भोकात बसवलेल्या तुकड्याची कड पन्हळीच्या तळापेक्षा वर आलेली असते कधी कधी, चारपाच मिलिमीटर, आणि मग तेवढं पाणी पन्हळीत कायमचं राहतं, कारण बाहेर जायला त्याला ती पायरी चढावी लागते. दिसायला काहीच नाही पण सगळ्या पन्हळीत पातळ चिखल होतो आणि डासांची सोय. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबदार हवेत आठवडा ते दहा दिवस पुरतात, तेव्हा पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पन्हळीत पाणी दिसत असेल तर ते सोडून देऊ नका. ती कड घासून खाली घ्या किंवा तुकडा खालच्या बाजूने बसवा.

आता झोळ दुरुस्त करायचा कसा. उतार किती हवा यावर लोक भांडतात पण साधारण दर मीटरला २ ते ५ मिलिमीटर पुरतो. १० मीटरच्या पन्हळीला एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत २ ते ५ सेंटिमीटरचा फरक. फार जास्त दिला तर खालच्या टोकाला पन्हळ छपरापासून लांब जाते आणि पाणी मधून उडतं, वर खालून बघताना ती तिरकी दिसते आणि येणारा जाणारा सांगतो की वाकडी बसलीये. लेव्हल काढायला गवंडी वापरतात तो पारदर्शक पाण्याचा पाइप सगळ्यात बेस्ट, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला येतं, खुणा करायच्या, खालच्या टोकाला उताराएवढं खाली मोजायचं आणि दोन खुणांमधे दोरी ताणून बांधायची. दोरी तानपुऱ्याच्या तारेसारखी ताठ हवी, ढिली असेल तर तिलाच झोळ पडतो आणि मग तुम्ही झोळाप्रमाणे क्लॅम्प मारून मोकळे.

क्लॅम्प साधारण दर ६० सेंटिमीटरला, आणि जॉइंटच्या दोन्ही बाजूंना आणि भोकाच्या जवळ एक एक जास्तीचा, कारण तिथेच वजन येतं. आमच्याकडे आधी सव्वा मीटरवर एक होता. कुजलेल्या पट्टीत जास्त लांब स्क्रू मारून काम भागवायचा मोह होतो, मला एका कारागिराने तेच सुचवलं होतं, पण कुजलेलं लाकूड स्क्रू धरतच नाही. तेवढा भाग कापून नवीन लाकूड घाला, त्याला सगळ्या बाजूंनी रंग किंवा प्रायमर लावा, कापलेल्या टोकांना तर नक्की, कारण लाकूड टोकाकडूनच पाणी पितं. सगळं बसवलं की एका टोकाला बादली ओता आणि पाणी दुसऱ्या टोकापर्यंत कसं जातं ते बघा, मधे डबकं राहिलं तर तो क्लॅम्प थोडा वर.

जॉइंट गळत असतील तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पीव्हीसी उन्हाने चांगलं वाढतं, ४ मीटरचा तुकडा ३० अंशांच्या फरकाने ७-८ मिलिमीटर लांब होतो, त्यामुळे थंड सकाळी तुकडे एकमेकांना घट्ट भिडवून बसवले तर दुपारी त्यांना जायला जागा नसते, मग पन्हळ वाकते नाहीतर जॉइंटमधून निसटते. जोडाच्या तुकड्यावर आत बहुतेक एक खूण असते, पन्हळ कुठपर्यंत घालायची याची, ती सजावट नाही. दुसरं, पत्र्याच्या पन्हळीला हाताला येईल ते सिलिकॉन मारू नका. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन सुकताना ॲसिड सोडतं आणि जस्ताचा थर खातं, वर्षभरात त्या जॉइंटभोवतीच गंज. न्यूट्रल लिहिलेलं घ्या. आणि जुन्यावर नवीन थापू नका, खरवडून काढा, कोरडं करा, मग लावा. आमच्या पाइपातला तो अंगठ्याएवढा गोळा आठवा. तसंच तांब्याच्या छपराचं किंवा पाइपाचं पाणी जस्त मारलेल्या पन्हळीत सोडू नका, जस्त भराभर खाल्लं जातं.

जाळ्यांबद्दल सगळे विचारतात. माझं मत, जाळी लावली की साफसफाई संपते असं नाही, फक्त तिची जागा बदलते. मोठ्या पानांसाठी जाळी चांगली. बारीक पानं, फुलोरा, सुरूसारख्या झाडाच्या सुया असल्या गोष्टी जाळीच्या भोकात अर्ध्या आत अर्ध्या बाहेर अशा अडकतात आणि वर चटई होते, मग पाणी चटईवरून सरळ खाली. आत शिरलेली बारीक माती तर जाळी लावूनही बसतेच, आणि आता ती काढायला आधी जाळी काढा. ते ब्रशासारखं लांब गोल असतं ते तर मला अजिबात पटलं नाही, केसात गुंता व्हावा तसा पाला त्यात गुंततो. स्पंजसारखं असतं त्यात तर वर रोपंच उगवतात. मी फक्त भोकावर तारेची घुमटासारखी जाळी ठेवली आहे, सपाट नाही, सपाट जाळीवर एक मोठं पान बसलं की खेळ खलास, घुमटावर खाली पान चिकटलं तरी वरून पाणी जातं. गच्ची असणाऱ्यांनी पण पाण्याच्या तोंडावर हीच बसवावी, बाकी गच्चीचं गणित वेगळं आहे, तिथे कुंड्या आणि वाळत घातलेल्या वस्तूंचे चिमटे जास्त अडकतात.

पाइपाचं पाणी शेवटी कुठे पडतं तेही बघाच. वरचं सगळं झकास करून पाणी भिंतीच्या बुडाशी सोडलं तर ओल वरून येण्याऐवजी खालून येते, बदल एवढाच. दीडदोन मीटर तरी लांब न्या, जमिनीला घराकडून बाहेरच्या बाजूला उतार द्या. पाइप जमिनीखालच्या नळीला जोडलेला असेल तर ती पण तुंबू शकते, आणि ती तुंबली की पाणी पाइपात खालून वर भरत येतं, मग वर कितीही साफ करा. टकटक केल्यावर अगदी खालच्या टोकापासूनच आवाज बसका आला तर संशय तिथे घ्या.

शिडीचं एकदाच सांगतो, कंटाळवाणं आहे पण ऐका. ४ मीटर उंचीवर टेकवायची असेल तर पाय भिंतीपासून १ मीटर लांब. शिडी पन्हळीला टेकवू नका, पीव्हीसी असेल तर तडा जातो, पत्रा असेल तर घसरते. भिंतीला टेकते अशी आडवी दांडी शिडीला लावून मिळते ती लावा. हात पुरत नाही म्हणून बाजूला वाकू नका, उतरा, शिडी सरकवा, परत चढा, होय प्रत्येक वेळी. खाली एक माणूस धरायला हवाच, आमच्याकडे आई धरते आणि सूचना देते, त्यामुळे काम लवकर आटपतं. विजेची वायर जवळून गेली असेल तर धातूची शिडी नाहीच. आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्याच्या पन्हळी असतात त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्या कोरड्या खरवडू नका, ड्रिल मारू नका, जोराच्या पाण्याने धुऊ नका, त्यातली धूळ फुफ्फुसाला वाईट. ते काम त्यातल्या माहितगारालाच द्या.

आतल्या भिंतीचं म्हणाल तर लगेच रंगवू नका. बाहेरचं पाणी थांबलं तरी भिंतीतलं पाणी सुकायला महिने लागतात, लोणा येत राहतो, तो कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुतला तर मीठ परत आत जातं. मी घाईघाईत रंग दिला आणि दोन महिन्यांत परत फुगे, सगळ्यांनी मलाच वेड्यात काढलं की पन्हळ दुरुस्त झालेलीच नाही. झाली होती, भिंत सुकली नव्हती. ओल्या पट्ट्याभोवती पेन्सिलने रेघ मारून तारीख टाका, पट्टा आत आत सरकतोय की बाहेर ते कळतं.

दुरुस्तीनंतर दोन पावसाळे झाले. परवा वर चढलो तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळीकडे सारखीच पातळ धूळ, मधे पण, आणि मातकट रेघ कुठेच नाही. फक्त उजव्या कोपऱ्यात, भोकापासून लांबच्या टोकाला, बाहेरून एक बारीक ओघळ आलेला दिसतोय. टोकाच्या झाकणाचं रबर कडक झालं असावं असा माझा अंदाज. पण अजून हात लावलेला नाही, पुढच्या जोराच्या पावसात छत्री घेऊन आधी खालून बघणार आहे.